कोठार आणि सूची : जपलेले सापडावे यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास

जुन्या ग्रंथालयांत दोन वस्तू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. एक दाखल नोंदवही आणि दुसरी कार्डांची तालिका. नोंदवहीत ग्रंथ ज्या क्रमाने आले त्या क्रमाने नोंदले जातात. तेथील नोंद खोडली जात नाही. ग्रंथ गहाळ झाला किंवा जीर्ण होऊन बाद झाला, तर शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईने शेरा पडतो, पण मूळ ओळ तशीच राहते. तालिकेचा स्वभाव याच्या उलट आहे. तिला कालक्रमाशी कर्तव्य नाही. ती वाचकाच्या प्रश्नाला बांधलेली असते. लेखक कोण, विषय कोणता, ग्रंथ कोठल्या फळीवर आहे, एवढे ती क्षणात सांगते. तालिका जळाली तर नोंदवही व फळ्या पाहून ती पुन्हा करता येते, मात्र ग्रंथ जळाला तर कार्डावरून तो परत आणता येत नाही.

जपणे आणि शोधून देणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे ग्रंथपालांना फार पूर्वी उमगले होते. १९१० साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. ग्रंथ विकत घेणे हे संस्थानच्या ग्रंथालय-योजनेतील कामाचा केवळ आरंभ होता. ग्रंथांचे वर्गीकरण करून ते वाचकाच्या हाती पोहोचतील अशी व्यवस्था लावणे हे त्याहून मोठे काम होते. पुढे संगणकाच्या जगात हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. तेथेही प्रथम कोठारे निर्माण झाली, सूची वेगळ्या वाटेने वाढल्या, आणि त्या दोहोंची गाठ घालण्याचे काम सर्वांत शेवटी व बऱ्याच कष्टाने झाले. त्या गाठीचा हा इतिहास आहे.

सूचीची जुनी परंपरा

एखाद्या ग्रंथातील शब्द कोठे कोठे आला आहे हे सांगणारी सूची तेराव्या शतकात पॅरिस येथे तयार झाली. डॉमिनिकन पंथाचे ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या देखरेखीखाली तेथील धर्मबंधूंनी लॅटिन बायबलची शब्दसूची सिद्ध केली. एका माणसाच्या आयुष्यात न मावणारे ते काम अनेकांनी वाटून घेतले होते.

महाराष्ट्रातील वाचकाला याहून जवळचे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्णत्वास गेले. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांच्यानंतरच्या संपादकांनी १२५९ हस्तलिखिते तपासली. त्यांनी मुख्य संहिता वर छापली आणि पाठभेद तळटीपांत दिले. एका हस्तलिखितात असलेला व दुसऱ्यात नसलेला श्लोकही टाकून दिला नाही, त्याला योग्य ती जागा दिली. संहिता पुरी झाल्यावर परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाखाली १९६७ ते १९७२ या काळात प्रतीकसूचीचे सहा खंड निघाले. श्लोकाच्या चरणाचे आरंभीचे शब्द ठाऊक असले की तो कोणत्या पर्वात, कोणत्या अध्यायात आहे हे त्यांतून कळते.

या कामाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी संहिता स्थिर झाली, मग सूची झाली. छापलेला ग्रंथ आपल्या जागी अचल असतो, म्हणून एकदा केलेली सूची कायम खरी राहते. संहिताच रोज बदलू लागली तर मात्र सकाळी केलेली सूची संध्याकाळी खोटी ठरेल. संगणकाच्या क्षेत्रात नेमकी हीच परिस्थिती होती.

आवृत्त्या जपणारी कोठारे

संगणकाच्या आज्ञावली माणसेच लिहितात, आणि त्या सतत दुरुस्त होत असतात. काल चालणारी आज्ञावली आज बिघडली तर मधल्या काळात कोणी काय बदलले, हे शोधावे लागते. या गरजेतून १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली रचली. प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला याची नोंद ठेवणे आणि हवी ती जुनी आवृत्ती परत उभी करणे, हे तिचे काम होते. प्रत्येक आवृत्ती संपूर्ण साठवली तर जागा पुरणार नाही, म्हणून ती केवळ फरक साठवीत असे. १९८२ साली पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिकी यांनी आरसीएस ही प्रणाली पुढे आणली. तिच्यात ताजी आवृत्ती पूर्ण ठेवली जाई आणि जुन्या आवृत्त्यांकडे मागे जाण्यापुरते फरक ठेवले जात, कारण बहुतेकांना ताजीच आवृत्ती हवी असते.

अनेकांनी एकाच वेळी एका संहितेवर काम करण्याची सोय सीव्हीएसने रुळवली. अ‍ॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठातील डिक ग्रून यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामाच्या वेळा जुळत नसत, त्यातून १९८६ साली या प्रणालीचा जन्म झाला. २००४ साली सबव्हर्जनची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिने प्रत्येक नोंदीनंतर साऱ्या भांडाराला मिळून एकच चढता क्रमांक देण्याची पद्धत पाडली. ग्रंथालयाच्या दाखल क्रमांकाशी तिचे साम्य सहज दिसते. पाठोपाठ २००५ साली लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट रचले. गिटमध्ये चढता क्रमांक नाही. मजकुरावरूनच गणिताने चाळीस अक्षरांचे एक नाव निघते आणि तेच त्या मजकुराची ओळख ठरते. दोन ठिकाणी तोच मजकूर असेल तर त्याचे नावही एकच असते.

ही सारी कोठारे जपण्यात तरबेज होती. अमुक फाइलची अमुक दिवसाची प्रत मागितली की ती निमूटपणे हाती देत. परंतु अमुक शब्द कोणकोणत्या फाइलींत आहे, असे विचारले की त्यांचे पाय अडखळत. १९७३ साली केन टॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी लिहिलेली ग्रेप ही आज्ञा हे काम करी, पण प्रत्येक फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून करी. तालिका नसलेल्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तक उघडून पाहण्यासारखेच ते होते. शंभर फाइलींना ते चालून जाई, लाखोंच्या संख्येपुढे ते निभत नसे.

शोधसूचीची वाट

शोधाचे शास्त्र या काळात निराळ्याच अंगणात वाढत होते. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस शीर्षकांतील शब्दांवरून संगणकाकडून सूची करवून घेतल्या. जेरार्ड साल्टन यांनी १९६० च्या दशकापासून स्मार्ट या प्रणालीवर प्रयोग केले. योगायोग असा की ज्या १९७२ साली पहिले आवृत्ती-कोठार निर्माण झाले, त्याच साली केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांचा एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत आढळतो त्याला शोधात अधिक वजन द्यावे, हा त्यातील विचार होता. ‘आणि’ हा शब्द सर्वत्र असतो, त्यामुळे त्याने काहीच ओळखता येत नाही. ‘मोडी’ हा शब्द थोड्या ठिकाणी असतो, म्हणून तो उपयोगाचा.

या साऱ्यामागे उलट सूची आहे. दस्तऐवजात कोणते शब्द आहेत हे न लिहिता, प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या दस्तऐवजांत आहे हे ती लिहून ठेवते. डग कटिंग यांनी विसावे शतक संपता संपता ल्युसीन नावाचा आज्ञावली-संच लिहिला आणि २००१ साली तो अपाची या संस्थेच्या छत्राखाली आला. उलट सूची करण्याचे उत्तम साधन त्यामुळे सर्वांना विनामूल्य मिळाले. सीनेट या कंपनीत योनिक सीली यांनी २००४ साली ल्युसीनवर सोलर हा शोध-सर्व्हर उभारला. तो २००६ साली अपाचीकडे सोपवला गेला. शाय बॅनन यांचा इलॅस्टिकसर्च २०१० साली आला.

सर्व्हर म्हणजे स्वतंत्र यंत्रावर बसलेला सेवक. दस्तऐवज ठरावीक नमुन्यात बांधून जाळ्यावरून त्याच्याकडे धाडावा, त्याने तो सूचीत चढवावा, आणि कोणी प्रश्न विचारल्यास उत्तर द्यावे, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे कोठार एका जागी, सूची दुसऱ्या जागी आणि मध्ये ने-आण करणारी एक वाहक आज्ञावली, अशी रचना शक्य झाली.

वाहकाचे काम

या वाहकाचे काम वरवर हमालीचे वाटते, परंतु सारी विश्वासार्हता त्याच्यावर उभी असते. प्रथम तो कोठारातील ताज्या आवृत्तीची प्रत्येक फाइल घेतो. ती वर्डची किंवा पीडीएफची असेल तर तिच्यातून साधा मजकूर वेगळा काढावा लागतो. अपाचीच्या टिका या साधनाने हे काम सुलभ केले, आणि २००९ च्या सोलरमध्ये त्याची थेट सोय झाली. मग फाइलचा पत्ता, नोंदीचा क्रमांक, कर्त्याचे नाव, दिनांक, त्याने लिहिलेला शेरा आणि मजकूर हे सर्व निरनिराळ्या रकान्यांत भरून ते सर्व्हरकडे रवाना होते. ही झाली पहिली भरती.

खरी कसोटी तिच्यानंतर लागते. कोठारात नवी नोंद झाली की लगेच एखादी आज्ञावली चालवण्याची सोय सबव्हर्जन व गिट या दोहोंत आहे. ही आज्ञावली कोणत्या फाइली नव्या आल्या, कोणत्या बदलल्या आणि कोणत्या गेल्या याची यादी घेते आणि तेवढ्यापुरतीच सूची दुरुस्त करते. यातील पहिल्या दोन गोष्टी सर्वांच्या ध्यानात राहतात, तिसरी मात्र विसरली जाते. काढून टाकलेल्या फाइलची नोंद सूचीतून मुद्दाम वगळावी लागते. तसे न केल्यास शोधणाऱ्याला जिचा पत्ताच उरलेला नाही अशी फाइल दाखवली जाते. बाद पुस्तकाचे कार्ड कपाटात राहून जावे आणि वाचकाने रिकाम्या फळीपाशी ताटकळत उभे राहावे, तसाच हा प्रकार. फाइलचे नाव बदलले तर जुने नाव काढणे व नवे चढवणे अशी दोन्ही कामे करावी लागतात.

याहून कठीण प्रसंग म्हणजे सूची-सर्व्हर बंद असताना कोठारात झालेली नोंद. वाहकाने दार ठोठावले, कोणी उघडले नाही आणि तो परत गेला, तर ती नोंद सूचीत कधीच येत नाही. म्हणून शहाण्या रचनेत सूचीनेच आपण शेवटी कोठवर पोहोचलो होतो हे लिहून ठेवायचे असते. सबव्हर्जनमध्ये एक क्रमांक लक्षात ठेवला की पुरते. सूची ५०० वर असेल आणि कोठार ५०७ वर, तर मधल्या सात नोंदी घेतल्या की दोन्ही पुन्हा जुळतात. गिटमध्ये शाखा अनेक असतात आणि इतिहास पुन्हा लिहिलाही जाऊ शकतो. तेथे जुन्या व नव्या नोंदीच्या नावांवरून दोन अवस्थांची तुलना करून फरक काढावा लागतो.

‘कमिट’ हा एकच शब्द या दोन्ही घरांत चालतो, पण त्याचे अर्थ भिन्न आहेत. कोठारात कमिट म्हणजे कायमची नोंद. सोलरमध्ये कमिट म्हणजे आलेले दस्तऐवज शोधणाऱ्यांना दिसू लागणे. कोठारातील शब्द पुढील काळासाठी दिलेला असतो, सूचीतील शब्द आजच्या वाचकासाठी.

अनुभवाची शिकवण

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००५ साली सोलारिस या प्रणालीची संहिता खुली केली. एवढ्या अफाट संहितेत वाट सापडावी म्हणून तेथील अभियंत्यांचे ओपनग्रोक हे साधन उपयोगी पडले. ते ल्युसीनवर आधारलेले असून एससीसीएसपासून गिटपर्यंतची कोठारे वाचते. पूर्ण मजकूर, व्याख्या, उल्लेख, फाइलचा मार्ग आणि बदलांचा इतिहास असे निरनिराळे कप्पे करून त्यांत शोध घेण्याची सोय त्यात आहे. गूगलने २००६ साली साऱ्या जगातील खुल्या संहितेसाठी अशीच सेवा सुरू केली. शब्दांऐवजी तीन-तीन अक्षरांचे तुकडे सूचीत भरण्याची तिची युक्ती होती. ती सेवा २०१२ च्या जानेवारीत बंद झाली, आणि त्याच महिन्यात तिचे कर्ते रस कॉक्स यांनी ती युक्ती सविस्तर लिहून सर्वांपुढे ठेवली.

गिटहब या संस्थेने २०१३ च्या जानेवारीत आपला संहिता-शोध सोलरवरून इलॅस्टिकसर्चवर नेला. तेव्हा सुमारे ऐंशी लक्ष भांडारे सूचीत चढवण्यास काही महिने लागले होते. शोध सुरू होताच एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. अनेकांनी आपले परवलीचे शब्द आणि गुप्त किल्ल्या अनवधानाने सार्वजनिक भांडारात ठेवल्या होत्या. त्या आधीही तेथेच उघड्या होत्या, पण कोणाला सापडत नव्हत्या. सूची झाली आणि त्या सापडू लागल्या. ताज्या आवृत्तीतून त्या काढून टाकणेही पुरेसे नव्हते, कारण कोठार जुन्या आवृत्त्या विसरत नाही. २०२३ साली याच संस्थेने स्वतः घडवलेली नवी व्यवस्था प्रसिद्ध केली. साडेचार कोटी भांडारांतील १५५० कोटी दस्तऐवज, म्हणजे ११५ टेराबाइट मजकूर, तिने हाताळला. गिटमध्ये सारख्या मजकुराचे नाव सारखे असते. त्याचा लाभ घेऊन एकच मजकूर दोनदा न चढवण्याची दक्षता घेतल्यामुळे प्रत्यक्ष निराळा मजकूर २८ टेराबाइटच्या आसपास निघाला. कोठाराच्या रचनेने सूचीचे ओझे हलके केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

मराठीचा प्रश्न

मराठीशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे अशाच रचनेचे घरचे उदाहरण आहे. तेथे प्रत्येक लेखाची प्रत्येक आवृत्ती जपली जाते, पण शोधसूचीत मात्र ताजी आवृत्तीच जाते. वाचकाला आजचे उत्तर हवे असते, म्हणून हा निर्णय योग्य आहे. त्याची किंमतही आहे. काल कोणी वगळलेला परिच्छेद जपलेला असतो, पण शब्द देऊन शोधल्यास तो सापडत नाही. चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी पाठभेद पानावर छापले तेव्हा त्यांनी हीच अडचण आपल्या परीने सोडवली होती.

दुसरा प्रश्न लिपीचा आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. तिसरा प्रश्न प्रत्ययांचा. ‘ग्रंथ’ शोधणाऱ्याला ‘ग्रंथात’, ‘ग्रंथांचा’, ‘ग्रंथावरून’ हेही हवे असतात. चौथा प्रश्न शुद्धलेखनाचा, आणि जुन्या ग्रंथालयांना तो सर्वांत जवळचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘येथें’ अशी अनुस्वारयुक्त रूपे पानोपानी आहेत. आजचा विद्यार्थी ‘काही’ लिहून शोधतो आणि त्याच्यासाठी पूर्वीच्या पिढ्यांचे लेखन जणू नाहीसे होते.

यावर दोन उपाय संभवतात. एक, जुना मजकूर नव्या नियमांनुसार दुरुस्त करणे. तो सोपा आहे आणि घातकही आहे, कारण त्यात मूळ लेखन नष्ट होते. दुसरा, कोठारातील मजकुराला हात न लावता सूचीला शिकवणे, की ‘कांहीं’ आणि ‘काही’ हे शोधापुरते एकच समजावेत. शोध-सर्व्हरमध्ये अशी समीकरणे देण्याची सोय आहे. समीकरण चुकले तर सूची पुसून पुन्हा करता येते. कोठारात केलेली चूक मात्र, जुनी आवृत्ती जपली नसेल तर, कायमची होते. म्हणून विद्वत्तेचे, सोयीचे व मतभेदाचे सर्व प्रयोग सूचीत करावेत आणि कोठार जसे आले तसे राखावे, हा या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा निष्कर्ष होय.

उपसंहार

फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेने २०१६ साली सॉफ्टवेअर हेरिटेज हा उपक्रम जाहीर केला. जगातील आज्ञावलींच्या मूळ संहिता त्यांच्या साऱ्या इतिहासासह जपाव्यात, असा त्याचा संकल्प आहे. आज्ञावली हेही मानवी लेखन आहे आणि त्याचीही ग्रंथालये हवीत, हा विचार त्यामागे आहे. त्या कोठारापुढेही जुनाच प्रश्न उभा आहे : एवढे जपले, पण हवे ते सापडणार कसे?

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतील चौथे आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे पाचवे. वाढत्या कोठाराबरोबर सूची वाढली नाही तर ही दोन सूत्रे एकमेकांच्या विरुद्ध जातात, कारण ग्रंथ जितके अधिक तितका शोधणाऱ्याचा वेळ अधिक खर्ची पडतो. त्यांचा मेळ घालण्याचे काम वाहकाचे. ग्रंथालयात नवे पुस्तक दाखल झाल्यावर त्याच दिवशी कार्ड लिहून ते योग्य खणात ठेवणारा आणि बाद पुस्तकाचे कार्ड आठवणीने काढून घेणारा सेवक हाच तो वाहक होता. त्याचे नाव वार्षिक अहवालात क्वचितच छापले गेले असेल. मात्र शंभर वर्षांपूर्वी दाखल झालेले पुस्तक आजच्या वाचकाला पाच मिनिटांत मिळते, ते त्याने एक दिवसही काम मागे पडू दिले नाही म्हणून.